अडतीस जूल

डुलुथला फेब्रुवारीत बाहेर उणे सव्वीस,
आत, बर्फाच्या पट्टीवर, उणे चार.
म्हणजे उबच. आम्ही कोट काढून ठेवतो.

तोइव्हो मॅकिनेन, वय एक्क्याऐंशी,
वाकून दगड सोडतो
आणि हात तसाच पुढे ठेवतो थोडा वेळ,
कुणाला तरी गाडीत बसवून दिल्यासारखा.

एकोणीस किलोचा दगड. सेकंदाला दोन मीटर.
घरघरत गेला, मंदावला,
अठ्ठावीस मीटरांवर लाल वर्तुळाच्या काठाशी
कुणी न अडवता थांबला.

"कुणी थांबवला?"
दर मंगळवारी विचारतो.
मी शाळेत फिजिक्स शिकवते,
म्हणून प्रश्न माझ्याच अंगावर येतो.

आज स्कोअरकार्डाच्या पाठीवर पेन्सिलने मांडूनच दिलं:
वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, त्याचं निम्मं.
एकोणीस चोक शहात्तर. अडतीस जूल.
शेवटी वेग शून्य, म्हणजे शिल्लक शून्य,
म्हणजे अडतीसच्या अडतीस गेले.
त्याला अठ्ठावीस मीटरांनी भागलं
की निघतं घर्षणाचं बळ:
तळहातावर एक मध्यम कांदा ठेवला तर जेवढं जाणवेल, तेवढं.
एवढ्याने थांबवला.

"गेले कुठे?"
बर्फात. दगडाच्या बुडाशी.
थोडे त्या घरघरीत, जी आपण ऐकली.
सगळे गोळा केले तरी
चमचाभर पाणी दोन अंशसुद्धा तापणार नाही.

त्याने हातमोजा काढला
आणि दगड गेला त्या वाटेवर तळवा टेकवला.
मी काही बोलले नाही.

मग म्हणाला, "माझ्या गाडीचं काढ."
एकतीस वर्षं तो खनिजाच्या मालगाडीवर ब्रेकमन होता,
प्रॉक्टरच्या टेकडीवरून खाली सरोवराच्या धक्क्यापर्यंत.
किती टन? "दहा हजार धर."
उंची? "एकशे ऐंशी मीटर. तुझे मीटर."
वर जो वेग, खालीही तोच.
वेग वाढू द्यायचा नाही, एवढीच नोकरी.

मी शून्यं दोनदा मोजली.
एक हजार सातशे चौसष्ट कोटी जूल.
एका खेपेचे.
तो आकड्याकडे बघत राहिला,
पगाराचं पाकीट हातात आल्यावर बघतात तसा,
आत किती हे ठाऊक असूनही.

"सगळे ब्रेकमध्ये?"
ब्रेकमध्ये, चाकांत, रुळांत, मग हवेत.
"जळक्या लोखंडाचा वास यायचा.
आयनो मला कोट पोर्चवरच काढायला लावायची.
म्हणायची, आधी टेकडी बाहेर ठेव, मग आत ये.
त्या वासाचे किती?"

ते सूत्रात नाही, मी म्हटलं.

"पण त्याच सतराशे कोटींतले ना?"

फळ्यावर मी लिहिते, 'ऊर्जेची तूट'.
हा कारकुनी शब्द आहे.
वहीत तूट दिसते कारण वही तिथे संपते.
हे वर्गात सांगत नाही, परीक्षेत मार्क जातील.

हो, म्हटलं. त्यातलेच.

पलीकडून हाक आली. आमचा दगड निघाला होता, दमाने कमी.
मी ब्रश घेऊन त्याच्यापुढे धावले, घासत, घासत.
घासायचं, म्हणजे घर्षण कमी होतं.
हेही वर्गात हसण्यावारी जातं.
बर्फाचा पापुद्रा जरासा ऊन व्हायचा,
दगड त्यावरून आणखी थोडा सरकायचा,
मीटर, दीड मीटर, माझ्या खांद्यांच्या खर्चाने.

रेषेला टेकला आणि राहिला.
माझी पाठ घामाने भिजलेली.
भिंतीवरचा थर्मामीटर उणे चार.
त्याच्यापर्यंत काही पोहोचलं नव्हतं.

तोइव्होने कार्ड घडी करून खिशात घातलं होतं.
पुढच्या बाजूला डावाचा स्कोअर होता,
नंतर तो कुणाला आठवेना.